डिस्क कुठे रखडतेय? लिनक्सवर आयओचा (डिस्कवरच्या वाचन-लेखनाचा) माग काढायची पद्धत

लोड ॲव्हरेज चढलेला, सीपीयू निवांत आणि साध्या क्वेरीलाही सेकंद-दोन सेकंद लागतायत. अशा वेळी ‘डिस्क स्लो आहे’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं, पण त्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही. कोणत्या प्रोसेसने कोणत्या फाइलवर किती मोठी रिक्वेस्ट पाठवली आणि त्या रिक्वेस्टचा वेळ नेमका कुठे गेला, एवढं कळलं की उपाय बहुतेक वेळा आपोआप समोर येतो.

त्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवायला हवी. ॲप्लिकेशनचा सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) आधी फाइलसिस्टिम आणि पेज कॅशमध्ये (फाइलींची मेमरीतली प्रत) जातो, तिथून ब्लॉक लेयरमध्ये (डिस्कच्या रिक्वेस्ट सांभाळणारा कर्नलचा भाग), मग ड्रायव्हरकडे आणि शेवटी डिस्ककडे. प्रत्येक टूल यातल्या एखाद्या थरावरच मोजतं. त्यामुळे एकच राइट एका टूलमध्ये तुमच्या डेटाबेसच्या नावावर दिसते, दुसऱ्यात केवर्कर या कर्नलच्या पार्श्वभूमीतल्या प्रोसेसच्या नावावर, आणि आकडेही जुळत नाहीत. दोन्ही टूल बरोबरच असतात. आकडा पाहताना तो कोणत्या थरावरचा आहे हे विचारायची सवय लागली की निम्मा गोंधळ संपतो.

आज्ञा आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं लिहिलं आहे, बाकी सगळी लहान. डेबियन किंवा उबंटूवर सिसस्टॅट, आयओटॉप-सी, स्मार्टमॉनटूल्स, ब्लकट्रेस, बीपीएफसीसी-टूल्स, एस्ट्रेस आणि फिओ एवढी पॅकेजेस पुरतात. रेड हॅटच्या कुटुंबात बीपीएफच्या (कर्नलमध्येच छोटे प्रोग्राम चालवून मोजायची सोय) पॅकेजचं नाव बीसीसी-टूल्स आहे. जवळजवळ सगळ्याला रूट, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, लागतात. पुढे सगळीकडे एसडीएच्या जागी तुमच्या डिस्कचं नाव घाला.

संशय खरा आहे का

पहिल्यांदा कर्नलचा लॉग बघा: डीमेसेज -(मोठा टी). त्यात आयओ एरर, लिंक रिसेट किंवा टाइमआउटच्या ओळी असतील तर ट्रेसिंगच्या नादी लागू नका, आधी डेटा दुसरीकडे हलवा. स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए मध्ये ५ क्रमांकाचा रिॲलोकेटेड सेक्टर आणि १९७ क्रमांकाचा पेंडिंग सेक्टर वाढत असेल तर डिस्क निकामी व्हायच्या वाटेवर आहे. १९९ क्रमांकाचा सीआरसी एरर वाढत असेल आणि बाकी ठीक असेल तर बहुधा केबल किंवा कनेक्टर.

लॉग स्वच्छ असेल तर दुसऱ्या टर्मिनलवर व्हीएमस्टॅट १ चालू ठेवा. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. बी हा रकाना अडकून पडलेल्या प्रोसेसेसचा. एसआय आणि एसओ शून्य नसतील तर मशीन स्वॅप करतंय, म्हणजे दुखणं मेमरीचं आहे आणि डिस्क फक्त त्याचा मार खातेय. डब्ल्यूए या रकान्यावर फार विसंबू नका. आयओ बाकी असताना रिकामा बसलेला सीपीयू एवढंच तो मोजतो. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या प्रोसेसने सीपीयू कामाला लावला तर डब्ल्यूए खाली येतो, डिस्क मात्र तशीच रखडलेली असते.

त्यापेक्षा भरवशाचा आकडा /प्रॉक/प्रेशर/आयओ या फाइलमध्ये मिळतो, कर्नल ४.२० पासून. सम आणि फुल अशा दोन ओळी असतात. फुलच्या ओळीत ॲव्हजी१० हा २२ असेल तर मागच्या १० सेकंदांतला २२ टक्के वेळ काम असलेल्या सगळ्याच प्रोसेसेस आयओसाठी ताटकळत होत्या. काही वितरणांत हे बंद असतं. तिथे बूटच्या ओळीत पीएसआय=१ द्यावं लागतं.

आणि आत्ता या क्षणी कोण अडकलंय ते असं दिसतं:

पीएस -ईओ पीआयडी,स्टॅट,डब्ल्यूचॅन:३०,कॉम

पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. यातल्या स्टॅट रकान्यात मोठा डी असलेल्या ओळी वेचा. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये याही प्रोसेसेस मोजल्या जातात, म्हणून सीपीयू रिकामा असूनही लोड चढतो. शेजारचा डब्ल्यूचॅन रकाना कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये ती थांबली आहे ते सांगतो. तिथे जेबीडी२_लॉग_वेट_कमिट दिसलं तर ती ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमच्या जर्नलची (बदलांच्या नोंदवहीची) वाट पाहतेय, म्हणजे मामला एफसिंकचा (लिहिलेलं डिस्कवर पक्कं करायला सांगणारा कॉल) असण्याची दाट शक्यता. नावात पेज किंवा फोलिओ आणि वेट असं काही असेल तर बहुधा डिस्कवरून पान यायची वाट पाहतेय.

आयओस्टॅट नीट वाचणं

आयओस्टॅट -एक्स -झेड -वाय -टी १

एक्सने सविस्तर रकाने येतात, झेडने निवांत डिस्क गाळल्या जातात, वायने मशीन सुरू झाल्यापासूनच्या सरासरीचा पहिला अहवाल वगळला जातो आणि टीने वेळ छापली जाते. शेवटचा १ म्हणजे दर सेकंदाला. दर १० सेकंदांनी बघितलं तर दोन सेकंदांचा झटका सरासरीत विरून जातो, म्हणून १ च द्या.

सगळ्यांची नजर शेवटच्या टक्के युटिल या रकान्यावर जाते आणि तिथेच फसगत होते. निदान एक रिक्वेस्ट बाकी असलेला वेळ, एवढंच हा रकाना मोजतो. एका वेळी एकच काम करणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कसाठी तो बरा. एसएसडी, एनव्हीएमई किंवा रेड (अनेक डिस्कची एकत्र जोडणी) एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळतात, त्यामुळे तिथे युटिल १०० असूनही डिस्ककडे भरपूर ताकद शिल्लक असू शकते.

खरे रकाने दोन: आर_अवेट आणि डब्ल्यू_अवेट. रांगेतला आणि डिस्कमधला मिळून एका रिक्वेस्टला लागलेला सरासरी वेळ, मिलिसेकंदांत. तो जास्त की कमी हे डिस्कच्या जातीवर ठरतं. ७२०० आरपीएमची डिस्क एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद घेते. सरासरी अर्धा फेरा म्हणजे ४.१७, त्यात हेड हलवायचे आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेल्या रीडला १२-१३ मिलिसेकंद लागणारच आणि एका वेळी एकच रिक्वेस्ट असेल तर सेकंदाला ७५-८० च्या आसपास होतील. तिथे आर_अवेट १३ ही तक्रार नाही. साटा एसएसडीवर मात्र तोच आकडा गंभीर आहे, आणि एनव्हीएमईवर रीडला एका मिलिसेकंदाच्याही दशांशाच्या आसपास वेळ अपेक्षित असतो.

एक्यूयू-एसझेड म्हणजे रांगेची सरासरी लांबी. सेकंदाला झालेल्या रिक्वेस्ट गुणिले अवेट (सेकंदांत) केलं की तोच आकडा येतो: ९० रिक्वेस्ट आणि ४० मिलिसेकंद म्हणजे ३.६. फिरत्या डिस्कवर ९० रिक्वेस्टला ४० मिलिसेकंद दिसले तर डिस्क बिघडलेली नाही, तिच्यावर काम जास्त टाकलंय. उलट २० रिक्वेस्टलाच ४० मिलिसेकंद लागत असतील आणि रांग एकच्या आत असेल तर वेळ डिस्कच्या आतच जातोय. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय नवीन डिस्क विकत घेऊ नका.

आरएरिक्यू-एसझेड आणि डब्ल्यूएरिक्यू-एसझेड हे रिक्वेस्टचे सरासरी आकार, केबीमध्ये. ४ किंवा ८ दिसलं तर विखुरलेलं काम, १२८ च्या पुढे दिसलं तर सलग वाचन किंवा लेखन. सेकंदाला फक्त एक एमबी जातोय आणि तरी सगळं ठप्प, हे कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं.

एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडणारा थर) किंवा एन्क्रिप्शन असेल तर डीएम-० (त्या थरातली डिस्क) आणि एसडीए दोन्ही ओळींत तेच काम दिसतं. त्यांची बेरीज करू नका. मात्र दोघांच्या अवेटमधला फरक उपयोगाचा आहे. डीएम-० वर ३० आणि एसडीए वर ५ असेल तर वेळ मधल्या थरात गेला. कोणता डीएम कुठे बसलाय ते एलएसबीएलके दाखवतं.

क्लाउडवर आणखी एक सापळा आहे. ॲमेझॉनच्या जीपी२ प्रकारच्या लहान डिस्क शिलकीतल्या क्रेडिटवर ३००० आयओपीएसपर्यंत (सेकंदाला तितक्या रिक्वेस्ट) धावतात आणि क्रेडिट संपलं की जीबीमागे ३ या मूळ दरावर येतात. १०० जीबीची डिस्क तेव्हा ३०० वर अडकते. रिक्वेस्टचा आकडा दर सेकंदाला अगदी सपाट आणि अवेट वाढत चाललेला, हे त्याचं लक्षण. इथे ट्रेस करून काही सापडणार नाही. मर्यादा मशीनच्या बाहेर आहे.

त्रास रात्री तीन वाजता होऊन सकाळी नाहीसा होत असेल तर सार -डी -पी वापरा. सिसस्टॅट दर १० मिनिटांची नोंद साठवतं, पण डेबियन-उबंटूवर आधी /ईटीसी/डिफॉल्ट/सिसस्टॅट या फाइलमध्ये एनेबल्ड हे ट्रू करावं लागू शकतं. हे आजच करून ठेवा. अडचण आल्यावर केलं तर मागची नोंद मिळत नाही.

कोणती प्रोसेस

पिडस्टॅट -डी १ प्रत्येक प्रोसेसचं वाचन आणि लेखन दर सेकंदाला केबीमध्ये देतं. आयओटॉप -ओ -(मोठा पी) -ए मध्ये फक्त काम करणाऱ्या प्रोसेसेस, थ्रेड न फोडता, सुरुवातीपासूनच्या बेरजेसह दिसतात. कोण जास्त लिहितंय हे शोधायला बेरजेचं रूप दर सेकंदाच्या उड्या मारणाऱ्या आकड्यांपेक्षा कितीतरी बरं.

आयओटॉपमध्ये आयओच्या टक्क्यांचा रकाना रिकामा किंवा ‘अनव्हेलेबल’ दिसला तर टूल बिघडलेलं नाही. कर्नल ५.१४ पासून ही मोजणी मुळातच बंद असते. सिससीटीएल कर्नल.टास्क_डिलेअ‍ॅक्ट=१ केलं की ती सुरू होते. सुरू केल्यानंतर जन्मलेल्या प्रोसेसेसचेच आकडे पूर्ण मिळतात, आधीपासून चालू असलेल्यांचे धरून चालू नका.

दोन्ही टूल शेवटी /प्रॉक/(पीआयडी)/आयओ या फाइलसारख्याच खात्यावर चालतात, म्हणून ती फाइल एकदा उघडून बघा. आरचार आणि डब्ल्यूचार हे सिस्टिम कॉलच्या थरावरचे आकडे. फाइल कॅशमधून आली तरी आरचार वाढतो. रीड_बाइट्स हा खरोखर डिस्ककडून मागवलेला. राइट_बाइट्सची गोष्ट निराळी: प्रोसेसने पेज कॅशमधलं पान बदललं (अशा पानाला डर्टी, म्हणजे ‘खराब’ म्हणतात) की तो तेव्हाच वाढतो, डिस्कवर ते नंतर जातं. पान जायच्या आधीच फाइल पुसली गेली तर कॅन्सल्ड_राइट_बाइट्स वाढतो. तात्पुरत्या फाइली सतत करून पुसणाऱ्या प्रोग्रामच्या नावावर अफाट लेखन आणि डिस्क मात्र शांत, असं त्यामुळेच दिसतं.

ते पान डिस्कवर कोण नेतं? कर्नलचा केवर्कर. तो दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी झालेली पानं लिहायला घेतो. खराब पानं उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की आधीच सुरुवात करतो, आणि २० टक्क्यांवर गेली की लिहिणाऱ्या प्रोसेसेसनाच थांबवलं जातं. हे मूळचे आकडे आहेत. तुमच्या मशीनवर सिससीटीएल व्हीएम.डर्टी_रेशो आणि त्याची भावंडं तपासा. तेव्हा डिस्कच्या थरावर केवर्कर दिसला की त्याला दोष देऊ नका, अर्ध्या मिनिटापूर्वी कोणी लिहिलं ते पिडस्टॅटमध्ये शोधा.

ब्लकट्रेस: एकेका रिक्वेस्टचा प्रवास

सरासरी पुरेनाशी झाली की ब्लकट्रेस. येन्स अॅक्सबो यांनी लिहिलेलं हे टूल २००६ साली कर्नल २.६.१७ मध्ये आलं. ते ब्लॉक लेयरमधली प्रत्येक घटना नॅनोसेकंदांच्या वेळेसह नोंदवतं.

ट्रेसची फाइल त्याच डिस्कवर लिहिली तर आपलंच लेखन आपल्याच ट्रेसमध्ये मिसळतं. म्हणून आधी मेमरीतल्या जागेत जा:

सीडी /डेव्ह/एसएचएम
ब्लकट्रेस -डी /डेव्ह/एसडीए -डब्ल्यू ३० -ओ माग

३० सेकंदांनी ते आपोआप थांबतं आणि प्रत्येक सीपीयूची एक अशा फाइली तयार होतात. पूर्ण मिनिट किंवा तास घ्यायचा मोह टाळा. एका घटनेची नोंद किमान ४८ बाइटची आणि एका रिक्वेस्टमागे पाच-सहा घटना. सेकंदाला एक लाख रिक्वेस्ट करणाऱ्या एनव्हीएमईवर हे सेकंदाला ३० एमबीच्या घरात जातं आणि मेमरी भरते. तिथे -ए इश्यू -ए कम्प्लीट असं देऊन फक्त दोनच घटना घ्या. रांगेतला वेळ मग कळत नाही, पण डिस्कचा वेळ कळतो.

‘ड्रॉप्ड इव्हेंट्स’ असा इशारा आला तर तो ट्रेस टाकून द्या आणि -बी ने बफर, -एन ने बफरची संख्या वाढवून पुन्हा घ्या. मूळ बफर ५१२ केबीचे चार असतात. गळालेल्या घटनांसकट काढलेली सरासरी चुकीची येते, आणि चूक किती आहे हेही समजत नाही. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ आलं तर आधीचा ट्रेस अर्धवट मारला गेला आहे. ब्लकट्रेस -डी /डेव्ह/एसडीए -के ने तो मोकळा करा.

आता वाचण्याजोगं रूप आणि एकत्र फाइल करून घ्या:

ब्लकपार्स -आय माग -डी माग.बिन > माग.टेक्स्ट

त्यातल्या तीन ओळी जवळून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, मांडणी खरी:

८,० ३ ४१५ २.०३१४०२११८ १८४२ क्यू डब्ल्यूएस २१०१२४८ + १६ [पोस्टग्रेस]
८,० ३ ४१७ २.०३१४५६७८२ १८४२ डी डब्ल्यूएस २१०१२४८ + १६ [पोस्टग्रेस]
८,० ३ ४२२ २.०४६९१२३४० ० सी डब्ल्यूएस २१०१२४८ + १६ [०]

८,० हा डिस्कचा मेजर आणि मायनर क्रमांक. ३ हा सीपीयू. मग घटनेचा अनुक्रमांक, ट्रेस सुरू झाल्यापासूनचे सेकंद आणि पीआयडी. पुढचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: क्यू म्हणजे रिक्वेस्ट ब्लॉक लेयरमध्ये आली, डी म्हणजे ड्रायव्हरकडे सुपूर्द झाली, सी म्हणजे पूर्ण झाली. मधे जी (जागा मिळाली), आय (शेड्युलरच्या, म्हणजे रिक्वेस्टचा क्रम ठरवणाऱ्या भागाच्या, रांगेत गेली) आणि एम (आधीच्या रिक्वेस्टला जोडली गेली) दिसतील. शेड्युलर नन असेल तर आयच्या ओळी बऱ्याचदा नसतात.

त्यापुढच्या रकान्यातलं डब्ल्यूएस म्हणजे राइट आणि सिंक: कोणीतरी याची वाट पाहत उभं आहे. नुसता डब्ल्यू असता तर ते पार्श्वभूमीतलं लेखन. आर वाचन, आरए म्हणजे कर्नलने अंदाजाने आधीच केलेलं वाचन, एम मेटाडेटा. पुढे सुरुवातीचा सेक्टर आणि त्यानंतर किती सेक्टर. सेक्टर इथे नेहमी ५१२ बाइटचा धरतात, डिस्क ४ केबीची असली तरी. १६ म्हणजे ८ केबी, म्हणजेच पोस्टग्रेसचं एक पान.

वेळांची वजाबाकी करा. क्यू ते डी ०.०५ मिलिसेकंद, डी ते सी साडेपंधरा मिलिसेकंद. कर्नलने काहीच वेळ घेतला नाही, सगळा वेळ डिस्कमध्ये गेला. सीच्या ओळीत पीआयडी शून्य दिसतो कारण पूर्ण झाल्याची सूचना इंटरप्टमध्ये येते. त्या ओळीवरून प्रोसेस शोधू नका. तिच्या कंसातलं शून्य हा एरर कोड आहे, शून्याव्यतिरिक्त काही दिसलं तर लगेच डीमेसेजकडे वळा.

हजारो ओळींची वजाबाकी बीटीटी करतं:

बीटीटी -आय माग.बिन

क्यू२जी, जी२आय, आय२डी, डी२सी आणि क्यू२सी अशा ओळी येतात, प्रत्येकीत किमान, सरासरी, कमाल आणि संख्या, सगळं सेकंदांत. क्यू२सी हा एकूण प्रवास. त्यातला मोठा वाटा डी२सीचा असेल तर डिस्क किंवा तिच्या मागचं स्टोरेज. आय२डीचा असेल तर रिक्वेस्ट शेड्युलरमध्ये थांबतायत: /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर (क्यूचं पूर्ण स्पेलिंग लिहायचं) बघा. क्यू२जी मोठा असेल तर जागाच शिल्लक नाहीत, म्हणजे एकाच वेळी फार रिक्वेस्ट येतायत. सरासरीपेक्षा कमालकडे जास्त लक्ष द्या. सरासरी २ मिलिसेकंद आणि कमाल ९०० असेल तर वापरणारे त्या ९०० चीच तक्रार करतायत.

सेक्टरवरून फाइल

२१०१२४८ या सेक्टरवर कोणती फाइल आहे? ईएक्सटी४ वर हे अगदी नेमकं काढता येतं. पार्टिशन कुठून सुरू होतं ते आधी पाहा:

कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/एसडीए१/स्टार्ट

समजा २०४८ आलं. २१०१२४८ वजा २०४८ म्हणजे २०९९२००. फाइलसिस्टिमचा ब्लॉक ४ केबीचा, म्हणजे ८ सेक्टरचा, म्हणून भागिले ८: २६२४००. आता

डीबगएफएस -(मोठा आर) “आयचेक २६२४००” /डेव्ह/एसडीए१

आयनोड क्रमांक (फाइलसिस्टिममधली फाइलची ओळख) मिळतो. मग त्याच टूलला “एनचेक” आणि तो क्रमांक दिला की पाथ मिळतो. मोठ्या डिस्कवर एनचेक रेंगाळतं. तितक्याच कामाला फाइंड /माउंटचीजागा -एक्सडेव्ह -आयनम क्रमांक चालतं. माउंट असलेल्या डिस्कवर डीबगएफएस मुळात फक्त वाचण्यासाठीच उघडतं, पण -डब्ल्यू पर्याय चुकूनही देऊ नका.

आयनोड ८ आला तर ते ईएक्सटी४ चं जर्नल आहे, त्याला पाथ नसतो. ‘ब्लॉक नॉट फाउंड’ आलं तर तो ब्लॉक मेटाडेटाचा आहे किंवा दरम्यान मोकळा झाला आहे. एलव्हीएम असेल तर हा हिशोब एसडीएवर करू नका. ट्रेसच /डेव्ह/डीएम-० वर घ्या, म्हणजे पार्टिशनची वजाबाकीही लागत नाही. एक्सएफएसवर हे टूल चालत नाही. तिथे उलटा रस्ता सोपा: संशयित फाइलवर फाइलफ्रॅग -व्ही चालवून तिचे ब्लॉक बघा आणि ट्रेसशी ताडून पाहा.

बीपीएफची टूल्स

कर्नल नवा असेल तर रोजच्या कामाला ब्लकट्रेसपेक्षा ही हलकी पडतात. डेबियन-उबंटूवर प्रत्येक नावापुढे -बीपीएफसीसी लावायचं, रेड हॅटच्या कुटुंबात ती /युएसआर/शेअर/बीसीसी/टूल्स मध्ये असतात.

बायोलेटन्सी -(मोठा डी) -एम १० १ दहा सेकंदांचा एक हिस्टोग्रॅम प्रत्येक डिस्कचा वेगळा काढतं. त्यात दोन उंचवटे दिसले, एक एका मिलिसेकंदाच्या आत आणि दुसरा ३२ ते ६३ च्या ओळीत, तर सरासरी निरर्थक आहे हे समजा. दोन निराळ्या प्रकारची कामं एकाच आकड्यात मिसळलेली असतात. मोठा क्यू दिला की रांगेतला वेळही धरला जातो. एकदा क्यूशिवाय आणि एकदा क्यूसह चालवून तुलना करणं ही बीटीटीच्या निम्म्या कामाची सोपी पळवाट.

बायोस्नूप प्रत्येक रिक्वेस्टची ओळ छापतं: प्रोसेस, डिस्क, सेक्टर, आकार, वेळ. ईएक्सटी४स्लोअर १ फाइलसिस्टिमच्या थरावर एका मिलिसेकंदापेक्षा हळू गेलेले कॉल फाइलच्या नावासकट देतं. प्रश्न ‘वापरणाऱ्याला का थांबावं लागतंय’ असा असेल तर सुरुवात याच टूलने करा, कारण कॅशमधून भागलेलं काम त्यात आपोआप गळतं. ईएक्सटी४स्लोअरमध्ये ओळी आहेत आणि बायोस्नूपमध्ये डिस्क जलद दिसतेय, तर वेळ लॉक, जर्नल किंवा सीपीयूच्या रांगेत जातोय. डिस्क निर्दोष.

एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या) फाइलींसाठी यातलं ब्लॉक लेयरचं काहीच चालत नाही. तिथे एनएफएसआयओस्टॅट.

फ्लश: आयओस्टॅटच्या नजरेतून सुटणारा वेळ

डेटाबेसच्या बाबतीत हा भाग सगळ्यात जास्त चुकतो. कमिट झाली की डेटाबेस एफसिंक किंवा एफडेटासिंक करतो. कर्नल आधी पानं लिहितो आणि मग डिस्कला आपल्या आतल्या कॅशमधलं सगळं पक्कं करायला सांगतो, तो फ्लश. हा फ्लश डब्ल्यू_अवेटमध्ये मोजलाच जात नाही. त्यामुळे डब्ल्यू_अवेट ०.३ आणि कमिटला २० मिलिसेकंद, असं चित्र दिसतं आणि लोक डेटाबेसच्या सेटिंग बदलत बसतात. कर्नल ५.५ किंवा पुढचा आणि सिसस्टॅटही नवीन असेल तर एफ_अवेट नावाचा वेगळा रकाना असतो. तो आधी बघा. ब्लकपार्समध्ये एफने सुरू होणारी आणि सेक्टर नसलेली क्यूची ओळ म्हणजे फ्लशची मागणी.

वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर नसलेल्या घरगुती वापराच्या एसएसडीवर फ्लश काही मिलिसेकंद सहज घेतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या, कपॅसिटर असलेल्या एसएसडीवर तो जवळजवळ फुकट असतो. डब्यावर छापलेल्या लाखो आयओपीएसमध्ये हा फरक दिसत नाही.

प्रोसेसकडून तोच वेळ मोजायला एस्ट्रेस:

एस्ट्रेस -एफ -वाय -(मोठा टी) -ई ट्रेस=एफसिंक,एफडेटासिंक -पी पीआयडी

वायने फाइलचा पाथ आणि मोठ्या टीने कॉलला लागलेला वेळ ओळीच्या शेवटी येतो. सगळे कॉल न पकडता हे दोनच पकडा आणि दहा-वीस सेकंदांत थांबवा. एस्ट्रेस प्रत्येक कॉलमागे, न छापलेल्या कॉलमागेही, प्रोसेस दोनदा थांबवतं, आणि भर कामाच्या वेळेत ते फार वेळ चालू ठेवलं तर सर्व्हर आपणच झोपवतो.

डिस्क फ्लशला खरंच किती वेळ घेते ते फिओने वेगळं तपासा, शक्य तर काम थांबवून:

फिओ --नेम=फ्लश --डायरेक्टरी=/डेटा/चाचणी --साइझ=२५६एम --आरडब्ल्यू=राइट --बीएस=८के --एफडेटासिंक=१

निकालात एफसिंकच्या वेळांचा भाग वेगळा छापला जातो, ९९ व्या पर्सेंटाइलची ओळ बघा (शंभरातल्या ९९ वेळा यापेक्षा जास्त वेळ लागला नाही). डायरेक्टरीच्या जागी फाइलनेम देऊन त्यात /डेव्ह/एसडीए लिहिलं तर फिओ डिस्कवरचा डेटा मुकाट्याने पुसून टाकतं. म्हणून डायरेक्टरीच द्या.

इथला वेळ आणि एस्ट्रेसमधला वेळ जुळला तर डिस्क बदलणं किंवा कमिट एकत्र करणं एवढेच रस्ते आहेत. फिओ एका मिलिसेकंदात आणि डेटाबेस वीसमध्ये, तर त्याच डिस्कवर दुसरं कोणी एफसिंक करतंय का ते पाहा. ईएक्सटी४ मध्ये सगळ्यांचं जर्नल एक. लॉग लिहिणाऱ्या एखाद्या किरकोळ सर्व्हिसचा दर ओळीमागचा एफसिंक डेटाबेसला खोळंबवू शकतो. ती सर्व्हिस दुसऱ्या फाइलसिस्टिमवर हलवा आणि तोच ३० सेकंदांचा ट्रेस, दिवसाच्या त्याच वेळी, त्याच पर्यायांसह पुन्हा घ्या. बीटीटीचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून बघा.

निघताना /डेव्ह/एसएचएममधल्या फाइली पुसा, कारण त्या मेमरी खातात. टास्क_डिलेअ‍ॅक्ट पुन्हा ० करा. आणि ट्रेसची टेक्स्ट फाइल कोणाला पाठवण्याआधी त्यातली प्रोसेसची नावं, आणि एस्ट्रेसच्या नोंदीतले पाथ, बाहेर जाण्याजोगे आहेत का ते तपासा.